कडेचा ठिपका

येवदोकिया सावेल्येव्ना पहिल्या बसने आली,
पेइप्सी तलावाकाठून, खांद्यावर कांद्यांची वेणी टाकून,
आणि तार्तूच्या इस्पितळात खिडकीपाशी म्हणाली,
"माझा नवरा तुमच्याकडे आहे."

खिडकीतल्या मुलीने संगणकात पाहिलं. नवरा नव्हता.
गेल्या जानेवारीत, तलाव गोठलेला असताना,
घरीच गेला होता तो.
"तो नाही गं," ती म्हणाली, "त्याचं रक्त."

म्हणून तिला खाली आमच्याकडे धाडलं.

तळघरात चौदा फ्रीझर आहेत. उणे ऐंशी.
सतरा वर्षं मी इथे माणसांना आकड्यांनी ओळखते,
आणि आकडेही पाठ करायचे नाहीत असा नियम आहे.
तिने मात्र नाव सांगितलं: मकारी.
पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने,
मी नाही तर आतल्याने तरी ऐकावं म्हणून.

"अकरा खेपा केल्या त्याने. दर खेपेला तीन नळ्या.
म्हणजे तेहेतीस."
कांदे विकण्यात जन्म गेलेली बाई. हिशेब पक्का.

परिचारिका लेने यादी घेऊन आली,
संमतीपत्र वाचलं, सही पाहिली
(सही कसली, तीन रेघा, शेवटची कागदाबाहेर गेलेली)
आणि मान हलवली. मी हातमोजे चढवले,
सात नंबरचं दार उघडलं.
पांढरी वाफ आमच्या पायांवर उतरली.
येवदोकियाने तीत हात धरला, शेकायला धरावा तसा.
"खिडकी उघडी टाकून झोपायचा," ती म्हणाली.
"हिवाळ्यातसुद्धा. भांडायचो आम्ही."

तेवढ्यात गजर वाजला, दार लोटावं लागलं.
आणि मग सांगावं लागलं
की त्या खणात आता काही नाही.
शेवटचा थेंब मार्चमध्ये वापरला.
नळ्या जाळून झाल्या. डबा आहे, रिकामा.

मला वाटलं रडेल. मी खुर्ची पुढे केली.
ती बसली नाही.
"सगळं लागलं कामाला?"
सगळं.
"सांडलं-बिंडलं नाही ना?"
नाही.
"मग बरं झालं. उरलं की नासतं."

भिंतीवर आलेख होता, तो मी तिला दाखवला.
आडवं रक्तातलं प्रथिन, उभा श्वास.
दोनशे अकरा ठिपके, कुणाखाली नाव नाही, आकडा नाही.
मला शोधता आला असता. मी शोधला नाही.
तिने चष्मा कपाळावर सरकवला, नाक कागदाला लावलं
आणि बोट ठेवलं. वर, उजवीकडे,
घोळक्यापासून लांब.
"हा."
कशावरून?
"बसथांब्यावर असाच उभा राहायचा.
अख्खं गाव एकीकडे आणि हा एकीकडे."

तोच ठिपका प्राध्यापक रूबेल काढायला सांगत होते.
रेघ वाकते त्याने. यंत्राची चूक असेल, म्हणायचे,
आणि पेन्सिलने त्याच्याभोवती गोल काढायचे,
फार जोर न देता, पण दर आठवड्याला.

बुधवारच्या बैठकीत मी म्हणाले, राहू दे तो.
का?
दोनदा तपासलाय, दोन्ही वेळा तोच आकडा.
यंत्राचा त्या दिवशीचा दाखला हा घ्या.
यातलं सगळं खरं होतं.
बोटाबद्दल मी काही बोलले नाही.

त्या दाखल्यासाठी नोंदवही उघडावी लागली होती.
क्रमांक मला दिसला.
इथे लिहीत नाही. नियम आहे.

कांदे चहाच्या खोलीत टांगलेत.
लेने म्हणते, रुग्णांकडून काही घ्यायचं नसतं.
ती रुग्ण नाही, मी म्हणते, आणि रोज एक सोडवते.
वेणी आखूड होत चाललीय.
चिरताना डोळ्यांना पाणी येतं, ते कांद्याचं.
रेघ अजून थोडी वाकडी आहे.